रडू द्या त्यांना

मयतीच्या घरी पाय ठेवल्याबरोबर आपण ख्रिस्ती माणसे एक वाक्य बोलतो : ‘रडू नका, तो प्रभूच्या घरी गेला.’ हेतू चांगला असतो. वाक्यही खोटे नाही; आपला सगळा विश्वासच त्यावर उभा आहे. पण ते ज्या घाईने बोलले जाते आणि ऐकणाऱ्याचे त्याने जे होते, त्याबद्दल मला आज आपल्या लोकांशी बोलायचे आहे. वसईचे कॅथलिक असोत, नगर-सोलापूरकडच्या जुन्या मंडळ्या असोत, की अलीकडची प्रार्थनाघरे असोत, ही सवय सगळीकडे दिसते. म्हणून विनंतीही सगळ्यांनाच. पुनरुत्थानाची आशा शोक करणाऱ्याला धीर द्यावा म्हणून आपल्याला मिळाली आहे. तिने त्याचे तोंड बंद करू नका.

नगर जिल्ह्यातल्या एका गावातली मयत मला आठवते. जेमतेम विशीतला मुलगा, मोटारसायकलवरून कॉलेजला जाताना ट्रकखाली सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मूठमाती झाली आणि संध्याकाळी अंगणात सतरंज्या टाकून लोक प्रार्थनेला बसले. आई भिंतीला टेकून होती. येणारी प्रत्येक बाई तिचा हात हातात घेई आणि तेच सांगे : रडायचं नाही, देवाला चांगली फुलंच आवडतात, तुझा विश्वास कुठं गेला? कुणीतरी अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला घेऊन गेला तो उतारा वाचला. अब्राहामाला त्याचा मुलगा जिवंत परत मिळाला होता. या बाईचा सकाळपर्यंतही परत येणार नव्हता. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसले, उठली आणि आत जाऊन चहाचे आधण ठेवले. लोक एकमेकांना म्हणाले, ‘काय विश्वास आहे बाईचा!’

रात्री उशिरा मुलाच्या वडिलांची म्हातारी आत्या येऊन पोचली. ती आईच्या शेजारी नुसती बसली. बऱ्याच वेळाने मुलाचे नाव घेऊन तिने विचारले, ‘सकाळी काय खाऊन गेला होता गं?’ आई म्हणाली, ‘काहीच नाही. उशीर झाला म्हणाला. भाजी-चपाती अजून तशीच झाकलेली आहे.’ एवढे बोलली आणि मग तिचा बांध फुटला. आत्याने तिला थोपवले नाही, समजावलेही नाही. ‘रड बाई, रड,’ म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या घरात त्या दिवशी शास्त्राला धरून कोण वागले असेल, तर ही आत्या. हे मी जबाबदारीने म्हणतो.

शास्त्रच उघडून पाहा. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपण दफनविधीत कितीदा ऐकलेला असतो. बेथानीचा लाजर मेला, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले. येशू तिकडे निघाला तेव्हाच त्याने शिष्यांना सांगितले होते की मी त्याला उठवायला चाललो आहे. घटकाभरात लाजर चालत बाहेर येणार हे त्याला पक्के ठाऊक होते. मार्था गावाबाहेर येऊन त्याला गाठते आणि सरळ बोल लावते : तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया येते, त्याच्या पाया पडते आणि तेच म्हणते. येशू दोघींपैकी एकीलाही ‘तुमचा विश्वास कुठे गेला’ असे विचारत नाही. मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो. पुनरुत्थान ठाऊक असणे हे न रडण्याचे कारण असते, तर त्या दिवशी बेथानीत न रडण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्यापाशी होते.

मग आपण कुठून शिकलो की विश्वासणाऱ्याचे डोळे कोरडे असले पाहिजेत? मला वाटते, मरण म्हणजे काय याचीच आपली समजूत थोडी ढिली झाली आहे. आपल्याभोवती मरणाकडे पाहण्याच्या इतर थोर रीती आहेत. देह म्हणजे जुने वस्त्र, आत्मा ते टाकून पुढे जातो, हे आपण लहानपणापासून शेजारीपाजारी ऐकत आलो, आणि आपल्या प्रार्थनांतही ते नकळत शिरले. त्या विचाराविषयी मला आदर आहे. पण ख्रिस्ती विश्वास वेगळे सांगतो. दर रविवारी मंडळीत उभे राहून आपण जो मतांगीकार म्हणतो, त्यात शरीराच्या पुनरुत्थानावरचा विश्वास आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, ते त्याने थोमाला दाखवले. सरोवराच्या काठी त्याने निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली. म्हणजे हा देह, हे हात, हा आवाज, यांतले काहीच देवाच्या लेखी टाकाऊ नाही. आणि म्हणूनच मरण ही साधी गोष्ट नाही. पौल करिंथकरांना लिहिताना मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मित्र नव्हे, विसावा नव्हे, शत्रू. त्याचा पराभव निश्चित झाला आहे असे तो ठामपणे सांगतो, पण त्याला शत्रू म्हणायचे सोडत नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत मरणापुढे घाम गाळला आणि शक्य असेल तर हे टळो अशी प्रार्थना केली. ज्याला प्रभू भ्यायला, ते आपण हसत हसत स्वीकारावे असा आग्रह त्याच्याच नावाने कसा धरायचा?

काही झालेच नाही, असे आपली आशा म्हणत नाही. जे झाले ते भयंकर आहे, आणि देव ते एक दिवस उलटवणार आहे, असे ती म्हणते. तो दिवस येईपर्यंत मधला काळ आहे. या काळात माणूस रडतो.

पौलाचे आणखी एक वाक्य आपण अर्धेच ऐकतो. थेस्सलनीकाकरांना तो सांगतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. आपण त्यातले ‘शोक करू नका’ तेवढे उचलतो. पण आशा असलेल्यांचाही शोक असतो, हे त्या वाक्यातच गृहीत आहे. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा आक्रोश केल्याचे लिहिले आहे. त्यांना कुणी नावे ठेवलेली नाहीत. यापो गावात दुर्कस वारली तेव्हा तिथल्या विधवा तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत रडत उभ्या होत्या. मयतीच्या घरी कुणी तुम्हाला गेलेल्याचा शर्ट, वही, चष्मा दाखवायला लागले, तर विषय बदलू नका. तो शर्ट हातात घ्या.

ही घाई आजची नाही. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेत आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरले जावे अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. शेवटच्या दुखण्यात तिने ती सोडून दिली : देह कुठेही ठेवा, फक्त वेदीपाशी माझी आठवण करा. तिने प्राण सोडला तेव्हा ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगा अदेओदातूस आजीसाठी मोठ्याने रडू लागला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केले. विश्वासणाऱ्या घरात रडणे बरे नव्हे, असे त्यांना वाटले. ऑगस्टीन स्वतःही दिवसभर अश्रू दाबून राहिला, कबरेपाशीसुद्धा. दुःख उतरेल म्हणून तो स्नानाला गेला, उतरले नाही. रात्री झोपून उठल्यावर अंथरुणात एकट्याला रडू फुटले, तेव्हा कुठे मन हलके झाले. पुढे ‘कबुलीजबाब’ लिहिताना त्याने हे सारे देवासमोर मांडले, आणि ज्याला या रडण्यात पाप दिसेल त्याने मला हसू नये, त्यापेक्षा माझ्यासाठी रडावे, अशा अर्थाचे लिहून ठेवले. प्रोटेस्टंट मंडळींना मार्टिन ल्यूथर जवळचा वाटेल. १५४२ साली त्याची तेरा वर्षांची मगदलेना गेली. लेक कुठे गेली याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि तो ढसाढसा रडला.

आपल्या मराठी घरातही पाहा. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार जिच्यावर सोपवायचा तीच आधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या, पण तोपर्यंत बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहीत नेले. या बायांनी आपले दुःख गिळून टाकले असे मला वाटत नाही. दुःख घेऊनच त्या कामाला लागल्या, आणि तेही आपापल्या वेळेला. चार दिवसांत चेहरा हसरा करून दाखवा अशी अट त्यांच्या विश्वासाने त्यांना घातली नव्हती.

तर मयतीच्या घरी गेल्यावर करायचे काय? ईयोबाच्या मित्रांनी सुरुवात फार चांगली केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले, हे असे का झाले त्याची कारणे द्यायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव ज्यांच्यावर रागावला ते हेच मित्र. कारणे देऊ नका. देवाची योजना असेल, त्याला तो जास्त लाडका असेल, यातून काहीतरी शिकायचे असेल, असले एकही वाक्य बोलू नका. तुम्हाला ते माहीत नाही, मलाही नाही. जवळ बसा. पाणी भरा, भांडी घासा, घरातल्या लहानग्यांना जेवू घाला, म्हाताऱ्या सासूची गोळी चुकली नाही ना ते पाहा. गाणी म्हणायची असतील तर ‘उपासना संगीत’मध्ये शोकाची आणि धीराची गाणी पुष्कळ आहेत, ती संथ म्हणा, टाळ्यांची गाणी दुसऱ्या दिवशी नकोत. वचन वाचायचेच असेल तर विलापाची स्तोत्रेही वाचा. कितीतरी स्तोत्रांत माणूस देवाला ‘तू कुठे आहेस’ असेच विचारतो आहे, आणि ती देवाच्याच पुस्तकात छापलेली आहेत. आणि महिन्याची मिस्सा किंवा स्मरणाची प्रार्थना झाली की येणे थांबवू नका. खरी ओढाताण त्यानंतर असते, जेव्हा सतरंज्या परत गेलेल्या असतात आणि बँकेचे, रेशनकार्डाचे, वारसाचे कागद समोर पडलेले असतात.

हे गेल्यानंतरचे झाले. जायच्या आधीचेही बोलायला हवे.

डॉक्टरांनी हात टेकले की घरचे लोक बाहेरच्या बाकावर ठरवतात : ‘त्यांना काही सांगू नका.’ आजारी माणसाला बहुधा सगळे कळलेले असते. तोही घरच्यांसाठी नाटक करतो, घरचे त्याच्यासाठी, आणि शेवटचे आठवडे खोट्या बोलण्यात जातात. मरणापलीकडे कुणीतरी वाट पाहते आहे असे मानणाऱ्यांनी तरी असे का वागावे? त्याला भावाशी अबोला मोडायचा असेल, शेताच्या वाटणीचे बोलायचे असेल, बायकोला ‘मी तुला त्रास दिला’ म्हणायचे असेल. तो विचारील तेवढे खरे सांगा, आणि त्याला बोलू द्या.

कॅथलिक बंधुभगिनींना एक सांगणे. फादरला फार उशिरा बोलावता तुम्ही. झगा घातलेला माणूस दारात दिसला की आजाऱ्याचा धीर सुटेल, ही भीती जुन्या काळातली आहे. तेव्हा तेलाचा संस्कार अगदी अखेरच्या घटकेला होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, आजारामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका सुरू होताच तो घ्यावा. याकोबाच्या पत्रातही आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे आहे. पण बोलवायचे तर त्याला शुद्ध हवी. तो स्वतः आमेन म्हणू शकेल तेव्हा बोलवा.

आणि व्हेंटिलेटरचा प्रश्न. आशा नाही हे डॉक्टरच सांगत असताना घर गहाण टाकून यंत्र सुरू ठेवणे म्हणजे विश्वास, असे काही जण समजतात. यंत्र काढले तर खून होईल अशी धास्ती बाळगतात. जीव मुद्दाम घेणे पाप आहे, यात शंका नाही. पण निष्फळ आणि असह्य उपचार नाकारणे म्हणजे जीव घेणे नव्हे, असे कॅथलिक चर्चचा धर्मबोधही सांगतो. २००५ साली पोप जॉन पॉल दुसरे अखेरच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत, आपल्या खोलीतच त्यांनी प्राण सोडला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा उपचारांबाबत आगाऊ इच्छापत्र करून ठेवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने हा कागद करून ठेवावा असे माझे मत आहे. मुलांना आयसीयूच्या दारात एकमेकांशी भांडायला लावू नका.

अंत्यविधीच्या खर्चाविषयी थोडेच बोलतो, कारण यात वाद घालण्यासारखे काही नाही. कर्ज काढून पॉलिशची पेटी, चौकात फ्लेक्स, शेकडो माणसांचे जेवण : हे गेलेल्यासाठी नसते, गावासाठी असते. पोप फ्रान्सिस २०२५ मध्ये वारले. तीन पेट्यांची जुनी प्रथा सोडून त्यांना एकाच साध्या लाकडी पेटीत ठेवले गेले आणि कबरेवर फक्त लॅटिनमधले नाव आहे. दहनाचे विचाराल, तर कॅथलिक चर्चने १९६३ पासून त्याला मुभा दिली आहे. अस्थी उधळू नयेत, घरात ठेवू नयेत, पवित्र जागी जपाव्यात, एवढे २०१६ मध्ये सांगितले. मुंबईत जागेची अडचण आहे, करोनाच्या काळात कित्येक घरांना दहनच करावे लागले. त्या घरांतल्या कुणाच्या मनात अजून बोच असेल तर ती काढून टाका. मातीतून उठवणाऱ्याला राखेतून उठवणे जड नाही.

आता जे सर्वांत अवघड आहे ते. ज्याने स्वतःचा जीव घेतला, त्याच्या घरी आपण कसे जातो? पुष्कळदा जातच नाही. गेलो तर कुजबुजत जातो. घरच्यांना मयतीचे दुःख आणि वर नरकाची भीती असे दोन्ही सोसावे लागते. एका बापाने मला विचारले होते, त्याच्यासाठी प्रार्थना केली तर चालते का? लेकरासाठी प्रार्थना करायला ज्याला परवानगी मागावी लागते, त्या बापाची ती दशा आपणच केली आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधानात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता, हे खरे. १९८३ च्या विधानातून ती अट काढून टाकली गेली. नंतर आलेल्या धर्मबोधात स्पष्ट म्हटले आहे की तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. प्रोटेस्टंट पाळकांनीही हे व्यासपीठावरून बोलावे, मोघम नव्हे, शब्द उच्चारून बोलावे. जो आज त्या काठावर उभा आहे तोही समोरच्या बाकावर बसलेला असतो. नरकाची भीती घातल्याने तो आपल्याशी बोलायला येत नाही. त्याला माणूस हवे असते, डॉक्टर हवा असतो. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तो चर्चच्या फलकावर ठळक लिहून लावा.

आणि असा मृत्यू झालेल्या घराला वाळीत टाकू नका. पाळकसाहेबांना आणि धर्मगुरूंना माझी हात जोडून विनंती आहे. २ नोव्हेंबरला मृतांच्या मिस्सेत आपण नावे वाचतो, काही मंडळ्या ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात जमून प्रार्थना करतात. त्या यादीत हे नावही इतर नावांसारखेच असू द्या. आई चिठ्ठी आणून देईल याची वाट पाहू नका, ती लाजेने आणणार नाही. आधी तिच्या घरी जा, तिला विचारून नाव लिहून घ्या, आणि मोठ्याने वाचा.